लक्ष नव्हतं म्हणे!

सडक अर्जुनीकडच्या आमच्या गावात टेबल सॉ हा शब्द अजून कोणाच्या तोंडी नाही. लोक ‘कटर’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘मशीन’. लोखंडी अँगलचं टेबल, खाली मोटार, पट्ट्यावर फिरणारा शाफ्ट आणि टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल ब्लेड. वेल्डिंगच्या दुकानात सांगितलं की बनवून मिळतं. ब्लेडवर झाकण नसतं, मागे काही नसतं. गोंदिया जिल्हा जंगलाचा. सागवान, बिजा, शिवण हे लाकूड आम्ही लहानपणापासून वासावरून ओळखतो. धान कापून झालं, मंडईचे दिवस सरले की लग्नाच्या पलंगांची आणि दारांच्या चौकटींची कामं निघतात. तेव्हा ही मशीनं दिवसभर किंचाळत असतात.

माझ्या चाचांच्या डाव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं अशाच एका मशीनवर गेली. साल 2003. ते शहरातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात रोजीवर होते. मालकाने दवाखान्यात नेलं, पट्टी करून दिली, आठ दिवसांची रोजी दिली आणि निकालही देऊन टाकला : “लक्ष नव्हतं.” मोहल्ल्यात तेच सांगितलं गेलं. अम्मी आम्हा मुलांना तेच सांगायची, बघा, लक्ष नसलं की काय होतं. चाचांनी स्वतःही तेच मानलं. पुढे त्यांनी घरीच काम सुरू केलं ते हातकरवतीवर आणि रंध्यावर. मशीन नको म्हणजे नको.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने मशीन आणलं. ती पाट, चौरंग आणि रेहल बनवते. गणपतीच्या आधी चौरंगाची मागणी असते, रमजानच्या आधी रेहलची. हातकरवतीने दोन्ही हंगाम गाठता येत नाहीत. म्हणून ऑनलाइन, त्यातल्या त्यात स्वस्त मिळालं ते 10 इंची ब्लेडचं मशीन. पहिल्याच आठवड्यात फळीच्या कडा काळ्या पडायला लागल्या, जळका वास यायचा. अर्ध्यावर फळी अडकायची आणि मोटार रडायची. एकदा फळी तिच्या कमरेजवळून मागच्या भिंतीवर आदळली. चाची म्हणाल्या, हे घरातून काढा. चाचा म्हणाले, “बेटा, लक्ष ठेवायला पाहिजे.”

ती म्हणाली, “अब्बू, लक्ष ठेवूनच कापते. मग रोज त्याच जागी कशी जळते?”

हा प्रश्न मला फार आवडला. म्हणून जुम्याची नमाज आटोपून आम्ही तिघं मशीनपाशी बसलो. तिने व्हिडिओ पाहून सगळं समजून घेतलं होतं. मी बॅटरी धरायला होतो.

आधी प्लग काढला. ब्लेड पूर्ण वर घेतलं. टेबलावर, ब्लेडच्या बाजूला, पुढून मागे जाणारी एक सरळ खाच असते. सगळी मोजणी त्या खाचेवरून करायची. ब्लेड खाचेला समांतर हवं आणि फळी जिच्या आधाराने ढकलतो ती गाईडची पट्टीही खाचेला समांतर हवी. दोन्ही जुळले तरच फळीला सरळ वाट मिळते.

तिने ब्लेडच्या एका दातावर मार्करने खूण केली. तो दात पुढच्या बाजूला आणला. सरकत्या पट्टीचा गुण्या खाचेला टेकवला आणि पट्टी दाताला जेमतेम शिवेल अशी कसली. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि गुण्याही खाचेतून मागे सरकवला. तोच दात का? कारण सगळे दात अगदी एका रेषेत नसतात, ब्लेडची चकतीही थोडी वाकडी असू शकते. वेगळा दात घेतला तर चूक ब्लेडच्या दिशेची की दाताची, ते कळत नाही.

मागे पट्टी दाताला लागलीच नाही. मधे फट होती. तिने झेरॉक्सच्या कागदाचे तुकडे एकेक करून फटीत सरकवले. असा एक कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. सहा कागद बसले. म्हणजे वीतभर अंतरात ब्लेडचं मागचं टोक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त गाईडकडे झुकलेलं. एक कागद चालतो, सहा नाही.

एवढ्याशा फरकाने काय होतं? ब्लेडचे पुढचे दात खाली जातात आणि फळीला टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र वर येत असतात. मागचं टोक गाईडकडे झुकलेलं असेल तर कापलेली फळी तिथे चिमटीत सापडते. आधी घासून जळते. मग मागचे दात तिला उचलतात आणि माणसाच्या अंगावर फेकतात. 10 इंची ब्लेड मिनिटाला साडेचार हजार फेरे घेत असेल तर दाताचा वेग ताशी 215 किलोमीटरच्या आसपास जातो. डोळ्याची पापणी मिटायच्या आत फळी गेलेली असते आणि तिला धरलेला हात ब्लेडवर पडतो. तिथे लक्ष असून नसून काय फरक पडणार?

चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या तिथे पण फळी जळायची. मालक म्हणायचा, जोर लाव.” आणि थोड्या वेळाने, “त्या टेबलाला खाचच नव्हती. मोजणार कशावरून?”

त्या मशीनचं ब्लेड वाकडं होतं, हे आज कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण बावीस वर्षांत कोणी विचारलंही नव्हतं. दोष माणसात शोधला आणि तिथेच थांबलो. कायदा तरी थोडा पुढे गेला होता. त्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीची दोन पेरं गेली तर कमाईच्या क्षमतेची 11 टक्के हानी धरली होती. कामगार दारू प्यायलेला असेल, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल किंवा ब्लेडचं झाकण मुद्दाम काढलं असेल, तर गोष्ट वेगळी. नुसतं लक्ष नव्हतं, एवढ्यावर मालक सुटत नव्हता. आमच्या घरात हे कोणाला माहीत नव्हतं. आठ दिवसांची रोजी हीच मेहेरबानी वाटली होती.

मग दुरुस्ती. मोटार आणि ब्लेड ज्या चौकटीवर टांगलेलं असतं, ती टेबलाला खालून बोल्टने धरलेली असते. चारपैकी तीन बोल्ट सैल केले, एक तसाच ठेवला. लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने हलके ठोके दिले. मोजलं तर बरोबर. बोल्ट कसले, पुन्हा मोजलं तर तीन कागदांचा फरक! कसताना चौकट सरकतेच. म्हणून एकदम एक बोल्ट आवळायचा नाही, आळीपाळीने थोडा थोडा आवळायचा आणि दर वेळी मोजायचं. सहाव्या खेपेला एकच कागद उरला. नंतर गाईड खाचेशी जुळवली. ब्लेडच्या मागे असणारी पोलादी जीभ, जी कापलेली फळी मिटू देत नाही, तीही ब्लेडच्या रेषेत आणली. पुष्कळ जण ही जीभ आणि झाकण पहिल्याच दिवशी काढून फेकतात. आमच्याकडे दोन्ही जागेवर आहेत.

त्या संध्याकाळी बिजाची फळी कापली. जळका वास आला नाही. चाचांनी कापलेल्या कडेवरून अर्धं बोट फिरवून पाहिलं आणि दुसरी फळी त्यांनी स्वतः लावली.

आपल्या भागातली किती तरी पोरं गोंदिया, नागपूर, रायपूरला फर्निचरच्या कामाला जातात. पाठवताना आपण सांगतो, नीट लक्ष देऊन काम कर. ते सांगाच. पण त्यांना हेही शिकवा की फळी जळत असेल तर जोर लावायचा नाही, मशीन बंद करायचं आणि मालकाला विचारायचं, हे ब्लेड शेवटचं कधी मोजलं होतं?

आमच्या मशीनच्या पायाला सुतळीने एक छोटी वही बांधलेली आहे. महिन्यातून एकदा त्यात तारीख पडते आणि पुढे आकडा, किती कागद. मोजते मुलगी, लिहितात चाचा.