सेन्सर कुठे लावू?

मराठी विभागासाठी लिहितेस का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणाले. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. मराठी आकडे तर माझा वीक पॉइंट. एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये मी आजही अडकते. पण या मे महिन्यात घरी जे झालं ते इंग्लिशमध्ये लिहिलं तर मम्मी वाचणार कशी? म्हणून हा प्रयत्न. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

तर आमचं घर चिखलीला. चौथा मजला, वर थेट गच्ची. पप्पा चाकणला एका कंपनीत. उन्हाळ्यात त्यांना जास्त करून नाईटच लागली. सकाळी आठला कंपनीच्या बसमधून उतरायचं, चहा-नाश्ता करायचा आणि नऊला झोपायचं. म्हणजे ऊन चढायला लागलं की यांची रात्र सुरू!

मी मिनी प्रोजेक्ट म्हणून तापमान नोंदवणारं सर्किट केलं होतं. ईएसपी३२ बोर्ड आणि त्याला वायरने जोडलेला डीएस१८बी२० सेन्सर. अर्ध्या अंशापर्यंत खात्रीचा. सगळं जमलं, प्रश्न एकच उरला, लावायचा कुठे?

पहिल्या दिवशी प्लग जवळ म्हणून टीव्हीमागे लावला. तर तो सेट-टॉप बॉक्सचा ताप मोजत बसला. दुसऱ्या दिवशी खिडकीत लावला, तिथे ऊन. मग जरा अभ्यास केला. हवामान खात्याचा थर्मामीटर उघड्यावर नसतोच. पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. कारण ऊन थेट पडलं की थर्मामीटर हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. त्या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती तयार करणारे थॉमस स्टीव्हन्सन हे 'ट्रेझर आयलंड'च्या लेखकाचे वडील. (कॉन्व्हेंटचा एवढा तरी उपयोग!)

घरासाठीही नियम तसेच. बाहेरची भिंत नको, आतली घ्या. ऊन, गॅस, फ्रिज, टीव्ही यांच्यापासून लांब. कूलरच्या झोतात नको. उंची साधारण छातीइतकी. सेन्सर भिंतीला चिकटवू नका आणि बोर्डालाही नको, बोर्ड स्वतःच तापतो.

सगळे नियम पाळून मी तो हॉलमध्ये लावला. दुपारी तीनला ३३ अंश. ग्राफ एकदम स्मूथ! "आपलं घर तसं बरंय," मी जाहीर केलं.

मम्मी पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं मशीन हॉलमध्ये झोपतं. तुझे पप्पा कुठे झोपतात?"

पप्पांची खोली पश्चिमेची. भिंत तापलेली आणि वर स्लॅब. सेन्सर त्यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवला, उशीच्या उंचीला. दुसऱ्या दिवशी मला रिपोर्ट द्यायला कॉलेजला यावं लागलं. तीन वाजता घरी फोन केला.

"मम्मी, किती दाखवतंय?"

"सदतीस."

"थर्टी सेव्हन?"

"हो गं बाई, सदतीस. आणि ते जागेच आहेत."

पंखा फुल्ल होता. पण पंखा हवा थंड करत नाही, स्लॅबखालची गरम हवाच खाली ढकलतो. शिवाय तापलेल्या स्लॅबची धग अंगाला लागते ती वेगळीच. सेन्सर ती पुरती दाखवत नाही.

मग घरभर मोजायचं ठरवलं. एका दिवसावर भरवसा नको म्हणून आलटून पालटून आठवडाभर मोजलं. सगळ्यात थंड खोली निघाली माझी! उत्तरेकडची, वर सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांची सावली. पप्पांच्या खोलीपेक्षा सरासरी चार अंशांनी कमी. आणि मी हॉस्टेलला असते तेव्हा ही खोली बंदच असते.

"पप्पा, तुम्ही इथे का नाही झोपत?"

"तुझी खोली आहे ती. वह्या, वायरी, काय काय असतं. काही हललं तर तुला सापडायचं नाही."

मी अर्ध्या अंशाच्या अचूकतेवर खूश होते. चार अंश माझ्याच बंद दाराआड पडून होते, आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी वह्या आणि वायरी खोक्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी पप्पा नऊला झोपले ते अडीचला उठले. सेन्सर आता तिथेच आहे, उशीच्या उंचीला. मी सुट्टीत हॉलमध्ये झोपते, माझं काही अडत नाही.

असो. सेन्सर कुठे लावायचा याचे नियम पुस्तकात आहेत आणि ते बरोबरच आहेत. पण त्याआधी घरात दुपारी कोण कुठे झोपतं ते विचारा. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी कोणीतरी भोसरी नाहीतर चाकणला नाईट करतंच. सुट्टीत घरी गेलात की तुमच्याही बंद खोलीत एकदा मोजून बघा.