श्राव्य भयमालिका आणि भंडारदऱ्याचा पाऊस

श्राव्य भयमालिका म्हणजे फक्त कानांसाठी रचलेली आणि भागाभागाने पुढे सरकणारी भयकथा. रेडिओ नाटकाचा जन्मच अंधारात झाला. खास रेडिओसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून ज्याचे नाव घेतात, ते रिचर्ड ह्यूजचे ‘डेंजर’ बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित केले. ते वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत दिवे गेल्यावर घडते. पात्रांना जेवढे दिसते तेवढेच श्रोत्याला, म्हणजे काहीच नाही. १९३१ साली अमेरिकेत ‘द विचेस टेल’ सुरू झाली आणि भयकथेला रेडिओवर हक्काची जागा मिळाली. पत्रा हलवून गडगडाट आणि नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढण्याच्या युक्त्या त्या काळात स्टुडिओत सर्रास वापरल्या जात.

अशा मालिकांना छोटे गाव फार सोयीचे पडते. चेहरे दिसत नसल्यामुळे माणसे आवाजावरून ओळखावी लागतात, आणि मोजक्या माणसांच्या गावात ते जमते. पोस्टमन, देवळाचा गुरव, दुकानदार यांचे आवाज दोन-तीन भागांत कानात बसतात. मग एके दिवशी त्यातला एक आवाज किंचित वेगळा लागतो आणि निवेदकाला काही सांगावेच लागत नाही. स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ (१९७५) याच पायावर उभी आहे. गावाबाहेरच्या टेकडीवर एक जुने घर असते आणि गाव एकेका घराने फिरत जाते. नारायण धारपांनी (१९२५–२००८) हीच कल्पना ‘लुचाई’त मराठीत आणली. इंग्रजी गॉथिक कथेत गढी किंवा हवेली असते. मराठी भयकथेत तिची जागा वाड्याने घेतली आणि त्याच्याबरोबर भाऊबंदकी, गुप्तधन, बंद खोली आणि कुलाचाराचे मोडलेले नेमही आले. हे रूपांतर उसने वाटत नाही, कारण वाड्याच्या वाटण्यांचे भय मराठी घरांना पुस्तकाआधीपासून ठाऊक होते.

मराठी रेडिओची ओढ मात्र हलक्याफुलक्या गोष्टींकडे अधिक राहिली. आकाशवाणीने श्रुतिका घराघरांत नेली, पण लोकांच्या लक्षात राहिले ते ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमातले टेकाडे भावजी. बंगालीत २००९पासून ‘संडे सस्पेन्स’ या रेडिओ कार्यक्रमाने अनेक नटांचे आवाज, संगीत आणि ध्वनिपरिणाम यांसह गूढकथांचा मोठा श्रोतृवर्ग जमवला. मराठीत २०१७ साली स्टोरीटेल हे ध्वनिपुस्तकांचे ॲप आल्यानंतर धारपांसारख्या लेखकांची पुस्तके कानांपर्यंत पोचली, तीही बहुतांशी एकाच वाचकाच्या अभिवाचनातून. हा प्रकार गरिबीचा वाटतो. त्याचे बळ काय आहे, ते प्रस्तुत लेखकाला भंडारदऱ्यात कळले.

भंडारदरा अकोले तालुक्यात, प्रवरेच्या काठी आहे. एरवी दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्याचा हा पश्चिम कोपरा. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पाऊस थांबायचे नाव घेत नाही. विल्सन धरणाचे बांधकाम १९१०मध्ये सुरू होऊन १९२६मध्ये संपले. ती सुमारे ८२ मीटर उंचीची दगडी भिंत, तिच्यामागे पाण्याखाली गेलेले खोरे, पार दुसऱ्या टोकाला रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि डोक्यावर कळसूबाईची रांग. भयकथेच्या लेखकाला इथे वाडा बांधायची गरज नाही, धरण पुरेसे आहे. पर्यटकांची हॉटेले, चहाच्या टपऱ्या आणि एसटीचा थांबा असलेले धरणाजवळचे शेंडी गाव म्हणजे मालिकेला हवी तेवढीच वस्ती.

भर पावसाळ्यातल्या मुक्कामात इथे दोन प्रकारच्या भयकथा ऐकल्या गेल्या: एक ध्वनिपरिणामांनी भरलेली इंग्रजी मालिका आणि दुसरे साधे मराठी अभिवाचन. इंग्रजी मालिकेतला पाऊस पत्र्यावरच्या खऱ्या पावसापुढे टिकला नाही. दाराची करकर, दूरचे पाऊल, थांबलेला श्वास, हे सगळे धरणातून सुटणाऱ्या पाण्याच्या घुमण्यात बुडाले. अशा मालिकांचा खरा आधार शांतता असते. दोन वाक्यांमधली पोकळी श्रोता स्वतःच्या भीतीने भरतो, आणि आषाढातले भंडारदरा ती पोकळी ठेवतच नाही. एकट्या माणसाचा सावकाश वाचणारा आवाज मात्र पावसातूनही आरपार आला. त्याला मागे काही वाजवायचे नव्हते, त्यामुळे बाहेरचा पाऊस आपोआप कथेतला पाऊस झाला.

हेडफोनने या भयात आणखी एक भर घातली. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांपर्यंत पोचणाऱ्या ध्वनीतल्या सूक्ष्म फरकावरून ठरवतो. नेमका समोरून आणि नेमका मागून येणारा ध्वनी दोन्ही कानांना जवळजवळ सारखाच पोचतो, म्हणून तिथे मेंदूची गफलत सहज होते. मान हलवून पाहावे तर हेडफोनमधला आवाज डोक्याबरोबरच फिरतो. कुजबूज मागून आली असे वाटून वळून पाहण्याचे प्रकार यातून होतात. (खोलीत दुसरे कोणी असेल तर ते बरेच हास्यास्पद दिसते.)

श्राव्य भयाची याहून जुनी परंपरा या मुलखाला आहे. रात्री बाहेरून ओळखीच्या आवाजात हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, ही ताकीद महाराष्ट्रात खेडोपाडी ऐकू येते. चकव्याच्या गोष्टींत माणूस ओळखीच्या वाटेवरच रात्रभर फिरत राहतो; पाण्याच्या जागी साती आसरांचा वावर मानतात. या गोष्टींत भुताचे रूप क्वचितच वर्णिलेले असते. हाक कोणाच्या आवाजात आली एवढेच सांगतात. आपला माणूस असल्याची खात्री कानाने द्यायची आणि तीच खोटी ठरायची, ही युक्ती स्टुडिओच्या कितीतरी आधीची आहे. शेंडीत घडणारी मराठी मालिका कोणी लिहिलीच, तर तिने गडगडाटाचा खर्च वाचवून अशा एका हाकेवर मेहनत घ्यावी.

मालिकेचे दुसरे हत्यार म्हणजे भागांमधले अंतर. सगळे भाग एकदम मिळू लागल्यापासून ते बोथट झाले आहे. श्रोता एका रात्रीत शेवटापर्यंत जातो आणि पुढे काय होईल याचा घोर त्याला लागतच नाही. भंडारदऱ्याच्या मुक्कामात मात्र रतनवाडीकडे जाताना मोबाइलची रेंज गेली आणि ऐकत असलेल्या मालिकेचा पुढचा भाग उतरवून घेतलेला नव्हता. त्या रात्री कथा जिथे तुटली तिथेच अडकून राहिली आणि तिच्या पुढच्या शक्यता मनात वाढत गेल्या. पुढे लेखकाने जे लिहिले होते, ते त्यांतल्या निम्म्या शक्यतांपेक्षा सौम्य निघाले. तो भाग ऐकला गेला राजूरकडे जाणाऱ्या एसटीत, भर दुपारी. शेजारच्या सीटवर कोथिंबिरीच्या जुड्यांच्या भावावरून वाद चालू होता आणि पिशाचाला पुरते नामोहरम करायला तेवढा पुरला.