आधी ओढणी, मग फूल

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जयपूरच्या सोडाल्यात फुलांच्या दुकानासमोर उभं राहिलं, की रंगांचे अर्थ फुकटात कळतात. लाल म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे दोस्ती, गुलाबी म्हणजे कौतुक, पांढरा म्हणजे माफी. 7 तारखेचा 'रोज डे' जवळ आला की रामनगर मेट्रो स्टेशनातून उतरणारी कॉलेजची मुलं मोबाइलमधली ही यादी फुलवाल्याला वाचून दाखवतात आणि तोही गंभीरपणे मान डोलावतो. यातल्याच एखाद्या मुलाची आई श्रावणात त्याच दुकानात येते, तेव्हा तिच्याकडे यादी नसते. ती पिशवीतून घडी केलेली लहरिया ओढणी अर्धी बाहेर काढते आणि म्हणते, "भैया, इसके साथ का कुछ बना दो."

फुलांच्या सजावटीचा धंदा करणाऱ्याला ही दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळावी लागतात. पण प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल, तर आईचा हिशेब जास्त पक्का आहे. फुलाचा रंग फुलांच्या बादलीसमोर उभं राहून ठरवायचा नसतो. ज्याला द्यायचं त्याच्या अंगावर त्या दिवशी काय असणार, त्याच्या घरात कुठला रंग कशासाठी राखून ठेवलाय, आणि तो बुके कुठल्या उजेडात बघितला जाणार, हे आधी विचारायचं.

मोबाइलमधल्या यादीचा प्रवास मोठा गमतीचा आहे. इंग्लंडच्या राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू 1717-18 मध्ये इस्तंबूलला होती. तिथल्या बायका फुलं, फळं, धागे अशा वस्तूंतून निरोप धाडतात, असं तिनं पत्रांतून कळवलं. युरोपला ही कल्पना भारीच आवडली. पुढे 1819 मध्ये पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या नावानं फुलांच्या भाषेचं एक पुस्तकच निघालं आणि त्याच्या नकलांचा पूर आला. 1884 मध्ये इंग्लंडमध्ये केट ग्रीनवेनं सचित्र कोश काढला. त्यात पिवळ्या गुलाबापुढे काय लिहिलं होतं? ओसरतं प्रेम आणि मत्सर! आज सोडाल्यातला मुलगा जो पिवळा गुलाब मैत्रिणीला बेधडक देतो, तो दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये भांडणाला निमित्त झाला असता.

पिवळ्याचं नशीब पालटलं त्यात बागायतदारांचाही हात आहे. भडक पिवळा बागेतला गुलाब युरोपात फार दुर्मीळ होता. फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ पेर्ने-दुशेनं इराणी पिवळ्या गुलाबाचा संकर करून 1900 मध्ये 'सोले दॉर' बाजारात आणला आणि तिथून पिवळ्या-केशरी गुलाबांची रांग लागली. 1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी जमलेल्या शिष्टमंडळांना जो गुलाब भेट दिला गेला, त्याचं नाव होतं 'पीस', आणि तो होता पिवळा, कडेला गुलाबी झाक असलेला. म्हणजे साठ वर्षांत पिवळा मत्सराकडून शांततेकडे पोहोचला. इतक्या लवकर मत बदलणाऱ्या यादीवर किती विसंबायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

जयपूरला रंगांचे अर्थ शिकवायला बाहेरून कुणाला यावं लागलं नाही. 1876 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसाठी सवाई रामसिंहांनी शहर गुलाबी रंगवून घेतलं, ती गोष्ट पर्यटकांना सांगायची. घरातलं रंगांचं शास्त्र वेगळंच आहे आणि ते ओढणी-साफ्यात आहे. तीज आली की लहरिया, म्हणजे तिरप्या लाटांचं बांधणीकाम. फाल्गुनात फागणिया, पांढऱ्या जमिनीवर लाल. वसंत पंचमीला वासंती पिवळा. लग्नात मामाकडच्या मायऱ्यात, म्हणजे आहेरात, चुनरी. बाळ झाल्यावर जलवा पूजनाला आईच्या अंगावर माहेरून आलेला 'पीला', म्हणजे पिवळी जमीन आणि लाल काठ. आणि घरात कुणी गेलं तर पुरुषांच्या डोक्यावर पांढरा किंवा खाकी, मातकट साफा.

इथं नव्यानं आलेला मराठी माणूस हे सगळं ऐकून दचकतो, पण पिवळ्या-लालच्या जोडीपाशी त्याला घरी आल्यासारखं वाटतं. आपल्या लग्नात नवरी मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसते, काठ लालच. हळद आणि कुंकू या दोन रंगांनी महाराष्ट्रात जे सांगितलं, तेच राजस्थानात पीला ओढणा सांगतो. त्यामुळे बारशाला किंवा जलवा पूजनाला न्यायची टोपली करायची असेल, तर डोळे मिटून पिवळा गुलाब किंवा पिवळी शेवंती आणि कडेनं लाल कार्नेशन. 'बेबी बॉय' म्हणून निळा आणि 'बेबी गर्ल' म्हणून गुलाबी असा आग्रह आता होतो, नाही असं नाही. तो पुरवावाही. पण पीला नेसलेल्या बाळंतिणीच्या मांडीजवळ निळ्या ऑर्किडचा बुके फोटोत उपरा दिसतो, हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगितलेलं बरं.

सिंजाऱ्याची टोपली हा तर या गावातला सगळ्यात मजेदार प्रकार. तीज आणि गणगौरीच्या आदल्या दिवशी नव्या सुनेला किंवा ठरलेल्या नवरीला सासरहून लहरिया, मेंदी, बांगड्या आणि तीज असेल तर घेवरची मिठाई जाते. हल्ली त्यावर फुलंही हवी असतात. इथं रंग जुळवणं सोपं, पण नुसते जुळलेले रंग गोल गुच्छात कोंबले की लहरियाशी नातं लागत नाही. फुलं तिरप्या पट्ट्यांत लावायची: एक पट्टा गुलाबी अ‍ॅस्टरचा, एक पिवळ्या शेवंतीचा, मध्ये हिरव्या पानांची बारीक रेघ. घेवर स्वतःच फिकट सोनेरी असतो, म्हणून त्याच्या शेजारी फिकट पिवळं फूल ठेवू नये, दोन्ही मरतात. गडद राणी रंग ठेवावा.

जयपुरात स्थायिक झालेल्या मराठी घरांतलं डोहाळजेवण म्हणजे आणखी वेगळा मामला. साडी हिरवी असणार हे ठरलेलं. त्यावर फुलांचे दागिने पांढरेच शोभतात: निशिगंधाच्या कळ्यांचे बाजूबंद, कंबरपट्टा, मध्ये एखादा लाल गुलाब. हिरव्यावर पांढरं जितकं उठतं तितकं दुसरं काही उठत नाही. शेजारची मारवाडी मावशी मात्र हळूच विचारते, "सफ़ेद क्यों?" तिच्याकडच्या गोदभराईत पिवळा-गुलाबी असतो.

या पांढऱ्यानंच धंद्यात सर्वांत जास्त प्रश्न उभे केले आहेत. मराठी बाईला मोगरा, जाई, जुई, अनंत यांत शोक दिसत नाही. केसात माळायचं फूल पांढरंच, आणि त्याचा वास हाच त्याचा रंग. राजस्थानातही गजरा पांढराच असतो, पण एकरंगी पांढरा बुके हातात दिला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या कपाळावर आठी पडते. त्यालाही अपवाद आहेच. शरद पौर्णिमेला गोविंददेवजींच्या मंदिरात ठाकुरजींचा पोशाख पांढरा असतो, आणि त्या दिवशी पांढऱ्या फुलांना कुणी नाक मुरडत नाही. तोडगा साधा आहे. पांढऱ्या गुच्छात एक तरी ठसठशीत लाल किंवा गुलाबी फूल घालावं. निशिगंधाच्या दांड्या आणि लाल गुलाब ही जोडी वरमालांमध्ये इतकी रुळली ती काही उगाच नाही.

परदेशी पाठवायची फुलं असतील तर पांढऱ्याबरोबर शेवंतीचंही भान ठेवावं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपण लक्ष्मीला वाहतो ती शेवंती फ्रान्समध्ये 1 नोव्हेंबरच्या सुमारास थडग्यांवर ठेवतात, त्यामुळे तिथं जेवायला जाताना ती नेली तर यजमानीण गप्प होईल. जपानमध्ये शेवंती हे राजघराण्याचं चिन्ह, पण पांढरी शेवंती अंत्यविधीची. रशियात आणखी एक पेच आहे: सम संख्येतली फुलं मयताला, विषम संख्येतली भेटीला. हा नियम मात्र 11, 21, 51 च्या शगुनावर वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आणि 'मदर्स डे'ची कार्नेशन? 1908 मध्ये अ‍ॅना जार्व्हिसनं आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये 500 पांढरी कार्नेशन पाठवली होती. पुढे रिवाज पडला की आई हयात असेल तर लाल-गुलाबी, नसेल तर पांढरं. मे महिन्यात दुकानात येऊन "पांढरी कार्नेशन द्या, आईला द्यायचीत" म्हणणाऱ्याला हे सांगावं की नाही, यावर आम्हा फुलवाल्यांत एकमत नाही. प्रस्तुत लेखक गुपचूप गुलाबी काढून पुढे ठेवतो.

आता फुलाच्या अंगच्या रंगाबद्दल, कारण आपण निवडलेला रंग संध्याकाळपर्यंत तोच राहील याची खात्री नसते. लाल-गुलाबी-जांभळा रंग अँथोसायनिनचा, पिवळा-केशरी बहुतेक कॅरोटिनॉइडचा. अँथोसायनिन पेशीरसाच्या आंबटपणाप्रमाणे रंग बदलतं. लाल गुलाब शिळा होऊ लागला की पाकळीतली प्रथिनं मोडतात, आंबटपणा कमी होतो आणि लालावर जांभळट-निळसर झाक येते. म्हणून लाल गुलाब घेताना देठ बघण्याआधी बाहेरच्या पाकळीचा रंग बघावा. जांभळट दिसला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्यावा. पांढऱ्या गुलाबावर बोटाचा डागसुद्धा तपकिरी उमटतो आणि मे-जूनच्या लूमध्ये त्याच्या कडा तासाभरात करपतात. पिवळा त्या मानानं सोसून घेतो. जयपूरच्या उन्हाळ्यात दुपारी स्कूटरवरून भेट न्यायची असेल, तर पांढऱ्याचा हट्ट नको.

निळा गुलाब कुणी मागितला तर तो बाटलीतल्या रंगाचा आहे, हे सांगून द्यावा. गुलाबात निळ्यासाठी लागणारं डेल्फिनिडिन तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं दुसऱ्या फुलाचं जनुक घालून खटपट केली आणि 2009 मध्ये तो गुलाब विकायला आणला, पण तोही फिकट जांभळाच निघाला. बाजारातले गडद निळे गुलाब आणि पुष्कळसे निळे ऑर्किड रंगपाणी पाजलेले किंवा रंगात बुडवलेले असतात. ओलसर असताना ते फिकट शेरवानीला लावून ठेवू नयेत.

उजेडाचा हिशेब लोक हमखास विसरतात. अजमेर रोडवरच्या मॅरेज गार्डनमधलं स्वागत रात्री, पिवळ्या दिव्यांच्या माळांखाली असतं. त्या उजेडात निळा अंश फार कमी, म्हणून जांभळी आणि निळी फुलं मळकट दिसतात, आणि 'ताजमहाल' जातीचा गडद लाल गुलाब फोटोत काळा येतो. तिथं केशरी, पिवळा, मोतिया पांढरा. उलट संध्याकाळी दिवे लागायच्या आधी बागेत समारंभ असेल, तर अंधुक उजेडात लाल सगळ्यात आधी बुडतो. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे दोनशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलंय. अनुष्का शर्मानं डिसेंबर 2017 मध्ये इटलीत फिकट गुलाबी लेहंगा घातला, त्यानंतर इथल्या नवऱ्याही फिक्या रंगांकडे वळल्या. फिक्या लेहंग्यावर फिकी फुलं रात्रीच्या स्टेजवर विरून जातात, असं सांगून आम्ही थकलो. हल्ली एक मरून गुलाब जवळजवळ सक्तीनं खोचतो.

लाल रंग मिळण्या-न मिळण्याला शेतीचंही गणित असतं. पुण्याजवळच्या मावळात आणि तळेगावच्या पॉलिहाऊसमध्ये 14 फेब्रुवारीसाठीची तयारी डिसेंबरात सुरू होते. तेव्हा छाटणी-वाकवणी केली की सुमारे 45 ते 50 दिवसांनी काढणी येते. जानेवारीच्या अखेरीपासून निर्यातीची फुलं निघतात, नंतर देशी बाजाराची. वीस फुलांची गड्डी, बहुतेक लाल. पांढरा 'अ‍ॅव्हलांच' आणि पिवळा 'गोल्ड स्ट्राइक' मागणीप्रमाणे. पुण्या-बेंगळूरूची आणि दिल्लीच्या गाझीपूर मंडीची फुलं सोडाल्यात पोहोचेपर्यंत लालचा भाव आभाळाला टेकलेला असतो आणि शेजारच्या बादलीतला केशरी गुलाब निम्म्यात पडून असतो. लग्नाच्या वाढदिवसाला लालच हवा असं बायकोनं म्हटलं नसेल, तर केशरी घ्यावा. ताजाही तोच असतो. पुष्करचा देशी गुलाबी गुलाब या हिशेबात येत नाही. त्याला दांडी नाही, तो अजमेरच्या दर्ग्यात, देवळात आणि गुलकंदात जातो. त्याचा बुके होत नाही, पण परडीभर सुट्या पाकळ्या भेटीच्या ताटात पसरल्या तर खोली वासानं भरते.

दिवाळीत पुन्हा सगळं उलटंपालटं होतं. झेंडू, इथला 'हजारा', धनत्रयोदशीपासून पोत्यांनी येतो. लक्ष्मीपूजनाला गुलाबी कमळ लागतं आणि ते सकाळी लवकरच संपतं. पण झेंडूचा गुच्छ करून कुणाच्या घरी नेला, तर तो सरळ देवघरात जातो. रंग कितीही सुरेख असला तरी ते फूल देवाचं, माणसाचं नाही, असा इथला शिरस्ता. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी रामा-श्यामाला लोक घरोघर भेटायला निघतात. तेव्हा तोच नारिंगी रंग जरबेरात किंवा लिलीत न्यावा. लिली असेल तर परागकोश चिमटीनं काढून टाकावेत, नवीन कपड्यांवर त्यांचा डाग पडला की जात नाही.

भाऊबीजेला येणारे भाऊ सहसा हातात मिठाईचा डबा आणि डोक्यात गोंधळ घेऊन दुकानात शिरतात. बहिणीनं कुठल्या रंगाची साडी घेतलीय, असं विचारलं की फोन लावतात. तो फोन आदल्या रात्री लावावा. भाऊबीजेच्या दुपारनंतर आमच्याकडे पांढरा आणि नारिंगी जरबेराच काय तो उरलेला असतो.