न पाठवलेल्या ओळी

परदेशातून बातमी धाडणाऱ्या माणसाचा पहिला वाचक हा वाचक नसतोच. बरे दिवस असले तर तो मुंबई-पुण्याच्या डेस्कवरचा उपसंपादक असतो, पान सोडायच्या घाईत असलेला. वाईट दिवस आले की तो त्या देशाच्या सरकारचा माणूस असतो. दोघंही कापतात. उपसंपादक जागा नाही म्हणून कापतो, सरकारी माणूस मजकूर खरा आहे म्हणून. वार्ताहराची अर्धी हयात या दोन कात्र्या चुकवण्यात जाते. कापलेल्या ओळींचं पुढे काय करायचं, हे मात्र आम्हाला कुणी शिकवत नाही.

मी ते हिटलरच्या बर्लिनहून बातम्या देणाऱ्या अमेरिकी वार्ताहराकडून, विल्यम शायररकडून शिकलो. हिटलर मराठी वाचकाला बहुधा भेटतो तो वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’मध्ये. मलाही तो तिथेच भेटला आणि तिथून मी शायररच्या हिटलरच्या राजवटीवरच्या जाडजूड ग्रंथाकडे गेलो. पण वार्ताहर म्हणून माझ्या कामाची ठरली ती त्याची त्याआधीची ‘बर्लिन डायरी’.

शायरर १९०४ साली शिकागोत जन्मला, आयोवातल्या सीडर रॅपिड्स गावात वाढला आणि कॉलेज संपताच १९२५ मध्ये पॅरिसला गेला. ‘शिकागो ट्रिब्यून’नं त्याला १९३० मध्ये हिंदुस्थानात धाडलं. गांधी-आयर्विन वाटाघाटींच्या दिवसांत तो दिल्लीत होता, डॉ. अन्सारींच्या बंगल्यावर गांधीजींना भेटत होता. पुढे गोलमेज परिषदेलाही तो लंडनला होता. १९३२ मध्ये आल्प्समध्ये बर्फावरून घसरताना अपघात झाला, एका डोळ्याची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी नोकरीही गेली. १९३४ मध्ये तो बर्लिनला पोचला. तीन वर्षांनी तो जिच्यासाठी काम करत होता ती वृत्तसंस्थाही बंद पडली, तेव्हा सीबीएस रेडिओच्या एडवर्ड मरोनं त्याला बोलावून घेतलं. न्यूयॉर्कच्या साहेबलोकांना त्याचा आवाज पसंत नव्हता. मरो अडून बसला, कारण त्याला आवाज नको होता, वार्ताहर हवा होता.

गंमत अशी की पुढे तोच नापसंत आवाज कामाला आला. युद्ध सुरू झाल्यावर बर्लिनहून बोलायच्या प्रत्येक कागदाला तीन शिक्के लागत: परराष्ट्र खात्याचा, प्रचार खात्याचा आणि लष्कराचा. कागदावर काही उरत नसे, म्हणून शायरर आवाजाच्या चढउतारातून बोलू लागला. मधूनच एखादा खास अमेरिकी बोलीतला शब्द टाकायचा, की इंग्रजी शिकलेल्या जर्मन कारकुनाला तो साधा वाटावा आणि अमेरिकेतल्या ऐकणाऱ्याला खोच कळावी. थोड्याच दिवसांत जर्मनांनी अमेरिकेत राहून आलेले तपासनीस आणून बसवले. ब्रिटिश विमानं बर्लिनवर येऊ लागल्यावर त्याला अगदी ओठाशी धरायचा मायक्रोफोन देण्यात आला. का, तर बाहेरच्या तोफांचा आवाज अमेरिकेत पोचू नये. सरकार बातमीला किती घाबरतं, हे त्या मायक्रोफोनवरून कळतं.

त्याची पाहण्याची रीत बघायची तर फ्रान्समधलं कोंपिएन्यचं जंगल. जून १९४०. फ्रान्स शरण आलाय. १९१८ मध्ये जर्मनीनं ज्या रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीवर सही केली, तोच डबा संग्रहालयातून काढून मोकळ्या जागेत आणलाय. सगळे वार्ताहर समारंभ टिपताहेत: कोण आलं, कुठे उभं राहिलं, बँडनं काय वाजवलं. शायरर पन्नासेक यार्डांवरून दुर्बीण लावून फक्त हिटलरचा चेहरा पाहतो आहे. जर्मनांच्या पराभवाचा उल्लेख असलेल्या शिळेसमोर हिटलर थांबतो, वाचतो, पाय फाकवून कमरेवर हात ठेवतो. तिरस्कार, सूड आणि विजयाची गुर्मी त्या चेहऱ्यावर एकामागून एक कशी उमटली, ते शायररनं लिहून ठेवलं. तेही एका डोळ्याच्या बळावर. दुसऱ्या दिवशी युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या. बातमी आधी बर्लिनहूनच फुटली पाहिजे असा हिटलरचा हुकूम होता, म्हणून बरेच वार्ताहर तिकडे रवाना झाले. शायरर जागेवरच थांबला. त्याचं भाषण बर्लिनमध्ये नुसतं ध्वनिमुद्रित व्हायचं होतं, ते कुणाच्या तरी चुकीनं थेट अमेरिकेत गेलं आणि जर्मनांच्या घोषणेच्या काही तास आधी जगाला बातमी कळली. योग त्याच्या बाजूनं उभा राहिला खरा, पण तो तिथे उभा होता म्हणून.

डिसेंबर १९४० मध्ये त्यानं बर्लिन सोडलं. प्रश्न होता डायरीच्या टिपणांचा, ती सापडली असती तर जिवावरच बेतलं असतं. त्यानं ती पेट्यांच्या तळाशी घातली आणि वर रेडिओच्या भाषणांचे गठ्ठे रचले, पानापानावर सरकारी शिक्के असलेले. सगळ्यात वर मुद्दाम काही लष्करी नकाशे ठेवले आणि पेट्या स्वतःच गेस्टापोपुढे नेल्या. त्यांनी नकाशे जप्त केले, शिक्के पाहून समाधान मानलं आणि पेट्यांना आपली मोहोर ठोकली. ज्यांनी त्याच्या ओळी कापल्या, त्यांच्याच शिक्क्यांनी त्या ओळी देशाबाहेर काढल्या. १९४१ मध्ये ‘बर्लिन डायरी’ छापून आली.

माझा अनुभव याच्यापुढे किरकोळ. १ फेब्रुवारी २००५ ला नेपाळचे राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली तेव्हा मी काठमांडूत होतो. फोन बंद, इंटरनेट बंद, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत लष्कराची माणसं. तिथल्या एका इंग्रजी दैनिकानं त्या दिवसांत चक्क मोज्यांवर अग्रलेख लिहिला आणि ज्याला समजायचं त्याला समजलं. माझी कॉपी सीमेपलीकडच्या रक्सौलकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या खिशातून जायची. तीत असायचं तेच, जे सगळ्यांच्या कॉपीत होतं: अटक, संचारबंदी, दिल्लीची प्रतिक्रिया. पण असन बाजारात एक भाजीवाली होती. एफएम केंद्रांना बातम्या द्यायला बंदी होती. ही बाई बातम्यांची वेळ झाली की रेडिओ लावायची, गाणं लागलं की कान देऊन थोडं ऐकायची आणि खटकन बंद करायची. रोज. मी ते वहीत तारीख-वार लिहीत गेलो. कुठल्याही डेस्कनं त्याला दोन ओळी दिल्या नसत्या, आणि बरोबरच होतं, ती बातमी नव्हतीच. आज त्या काळावर लिहायला बसतो तेव्हा माझ्या छापील बातम्यांतलं काही उपयोगी पडत नाही, कारण ते सगळीकडे मिळतं. उपयोगी पडते ती भाजीवाली.

शायररचंही तेच झालं. १९६० च्या त्या मोठ्या ग्रंथासाठी त्याच्याकडे जप्त कागदपत्रांचा डोंगर होता. एकट्या जर्मन परराष्ट्र खात्याचे ४८५ टन कागद अमेरिकी सैन्यानं हार्त्सच्या डोंगरांत जळता जळता वाचवले होते. ते कागद इतर अभ्यासकांनाही खुले होते. पण त्या नाझी पुढाऱ्यांचे चेहरे पाहिलेला, त्यांची भाषणं गर्दीत उभं राहून ऐकलेला लेखक हाच. गांधीजींवरचं त्याचं पुस्तक तर दिल्लीच्या त्या दिवसांनंतर जवळजवळ अर्ध्या शतकानं आलं.

एका बाबतीत मात्र मी त्याच्या वाटेनं जाणार नाही. त्याची मूळ टिपणं छापील डायरीशी ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांना नंतरचे बरेच फेरफार सापडले. सुरुवातीच्या वर्षांत हिटलरबद्दल त्याचं मत छापलंय तितकं ठाम नव्हतं. मला विचाराल तर ते डळमळतं मतच जास्त मोलाचं होतं. शहाणा माणूसही त्या गर्दीत कसा चकतो, हे त्यातून कळलं असतं.

म्हणून या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगणं: कॉपी गेली की झोपू नका. जे पाठवता आलं नाही, जे डेस्कला नको होतं, ते तारीख घालून वहीत लिहा. आणि एकदा लिहिलं की त्याला हात लावू नका. मत बदललं तर पुढच्या पानावर नवी तारीख घाला.