नकाशालाही रेनकोट!

पावसाळ्यात आम्ही चेंबूरहून निघतो, कुर्ल्याला गाडी बदलून कर्जत गाठतो आणि कोंदिवड्याहून राजमाची चढतो. वर धुकं असं, की पुढचा गडी दिसत नाही! मोबाइलची बॅटरी दगा देऊ शकते. मग होकायंत्र आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा हाच आधार. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर.

पण भिजलेल्या कागदाचे तंतू सैल पडतात आणि तो नेमका घडीवर फाटतो. म्हणून लागणारा भाग वर येईल अशी घडी घाला, जाड पारदर्शक पिशवीत सरकवा, तोंड तीनदा दुमडून रबर लावा. लॅमिनेशन? मला नाही पटत, घडीच नीट बसत नाही! खुणा पेन्सिलीने करा हं, शाई पसरते. तरी भिजलाच, तर ओढाताण न करता वर्तमानपत्रांत ठेवून सावलीत वाळवा.