उतार आणि पाणसळ

मराठी घरातील जुन्या स्वयंपाकघराची जमीन सपाट नसे. कोपऱ्यातील मोरीकडे ती किंचित झुकलेली असे, आणि हा झुकाव गवंड्याने जाणूनबुजून दिलेला असे. अशा जमिनीवर कपाटांची रांग बसवण्याची वेळ आली, की सुतारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो सरळपणाचा. दर मीटरमागे १ सेंटिमीटर उतार धरला, तरी ३ मीटरच्या भिंतीलगत दोन टोकांत ३ सेंटिमीटरांचा फरक पडतो. जमिनीच्या भरवशावर कपाटे मांडावीत, तर ओटा कलतो, दारे आपोआप उघडू लागतात आणि सांडलेले दूध एकाच दिशेने धावते.

म्हणून जाणता सुतार जमीन सोडून पाण्याला विचारतो. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीची दोन टोके दोन कोपऱ्यांत धरून तो पातळीच्या खुणा करतो आणि रंगवलेले सूत ताणून भिंतीवर रेषा उमटवतो. त्या रेषेपासून खाली मोजताना जेथे अंतर सर्वांत कमी भरते, तेथे जमीन सर्वांत उंच. साऱ्या रांगेची उंची तेथून ठरते. बाकीची कपाटे पाचरींनी किंवा फिरत्या पायांनी तिच्या बरोबरीला उचलली जातात.

भिंतीचीही तीच कथा. गिलाव्याला कोठे पोट असते, कोठे खळगा. स्क्रू आवळून कपाट अशा भिंतीला ओढून घेतले, तर त्याची चौकट पिळते आणि जोडीची दारे जुळत नाहीत. फटीत पाचर भरावी, मगच स्क्रू आवळावा. कडेची पट्टी भिंतीच्या वळणाबरहुकूम तासावी. भिंतीला दटावून सरळ करता येत नाही, तिची समजूत घालावी लागते.

ज्या साधनांवर हा सारा भरवसा, त्यांचीही परीक्षा घ्यावी लागते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला, तर ती खोटे सांगते. उलट, स्पिरिट लेव्हलमध्ये बुडबुडाच साक्षीदार असतो. सतराव्या शतकात फ्रान्समधील मेल्शिसेदेक थेव्हनो याने हे साधन घडवले. त्यातील काचेची नळी किंचित वक्र असते, म्हणून तर बुडबुडा मध्यावर स्थिरावतो. पट्टी उलटसुलट ठेवून दोन्ही वेळा तो एकाच जागी आला, तरच ती विश्वासाची.

एवढी यातायात पाहून घरातील तरुण मंडळींना सोपा उपाय सुचतो : जमीनच सपाट करून घ्यावी. त्यावर आजी एवढेच विचारते, "मग पाणी जाईल कुठे, मिस्त्री?" तिच्या प्रश्नात आयुष्यभर धुतलेल्या जमिनीचे ज्ञान असते. सपाट जमिनीवर पाणी साचते, प्लायवूडच्या तळाशी झिरपते, आणि काटेकोरपणे बसवलेले कपाट फुगून वाकडे होते. जे पाणी नळीत उभे राहून समपातळी शिकवते, तेच जमिनीवर वाहण्यासाठी उतार मागते. दोन्ही मागण्या रास्त आहेत, आणि त्या दोन्ही पुरवणे हेच सुताराचे काम.

तो उतार मोडत नाही. कपाटांच्या तळाशी लावायची पट्टी तो एका टोकाला १० सेंटिमीटर आणि मोरीकडच्या टोकाला १३ सेंटिमीटर उंच कापतो. घराचे सारे वाकडेपण त्या एका निमुळत्या फळीत सामावते, आणि वरचा ओटा समपातळीत राहतो.