यादीतलं नाव

वसई, रविवार रात्र

प्रिय बाळा,

चारचौघांत मीही तुला फादर म्हणते, पण पत्रात तू मला बाळच. परवा तुझा फोन आला तेव्हापासून मनात हेच घोळतंय. एका उमेदवाराची माणसं आली, सभागृहाच्या छपराचा खर्च उचलतो म्हणाली आणि रविवारच्या मिस्सानंतर ‘आमच्यासाठी दोन शब्द’ मागून गेली. तू नाही म्हणालास. तुझ्या आईलाही हे ऐकून बरं वाटलं असतं. पण पुढे तू म्हणालास, ‘मावशी, आता निवडणुकीचं नावच काढणार नाही. आपलं काम प्रार्थनेचं.’ हे काही मला पटलं नाही.

वेदीवरून उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही, हे तर कायदाच सांगतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ एकदा वाच. उमेदवाराच्या संमतीने धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. अमक्याला मत दिलं नाहीस तर देव कोपेल, असा धाक घालणं हेही त्यातच येतं. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन मतांनी, मतदाराच्या धर्माचं आवाहनही त्यात धरलं. तेव्हा तो रस्ता बंदच आहे, आणि तो बंद असण्यातच आपलं भलं आहे. पण मत कुणाला द्यावं हे सांगणं वेगळं आणि दिलेलं मत नीट मोजलं जावं म्हणून उभं राहणं वेगळं.

तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट आहे. फिलिपिन्समध्ये ७ फेब्रुवारी १९८६ ला निवडणूक झाली. एका बाजूला वीस वर्षं सत्तेवर असलेले मार्कोस, दुसऱ्या बाजूला १९८३ मध्ये मनिलाच्या विमानतळावर ज्यांच्या नवऱ्याला गोळी घातली गेली त्या कोरी अक्विनो. ‘नॅमफ्रेल’ नावाची नागरिकांची संघटना मतदान केंद्रांवर लक्ष ठेवून होती आणि केंद्राकेंद्रावरून निकालपत्रकाची प्रत मिळवून स्वतंत्र मोजणी करत होती. तिची माणसं बरीचशी धर्मग्रामांतून आलेली. मतपेट्या पळवायला गुंड आले की सिस्टर हातात हात गुंफून पेट्यांभोवती उभ्या राहत. दोन दिवसांनी सरकारी मोजणीच्या केंद्रातून संगणकावर काम करणारे सुमारे तीस जण उठून बाहेर पडले, कारण त्यांच्या पडद्यावरचे आकडे आणि फलकावर लागणारे आकडे जुळत नव्हते. त्या रात्री त्यांना आसरा दिला तो बाक्लारानच्या चर्चने. फितूर म्हणून ज्यांना उचलून नेलं असतं, ती साधी नोकरदार माणसं होती रे. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच, की त्या रात्री ते दार उघडं राहिलं.

मग १३ फेब्रुवारीला तिथल्या बिशपांच्या परिषदेने पत्रक काढलं. त्यात त्यांनी काय घडलं ते सांगितलं. लोकांना मतदानापासून पद्धतशीर वंचित ठेवलं गेलं, मतं विकत घेतली गेली, निकालपत्रकांत फेरफार झाले, धमक्या दिल्या गेल्या, खून पडले. अशा लबाडीने मिळवलेल्या सत्तेला नैतिक आधार उरत नाही, आणि प्रतिकार करायचा तो अहिंसेनेच, असं ते म्हणाले. बारा दिवसांनी मार्कोस देश सोडून गेले.

तिथले कार्डिनल सिन यांचं नाव तू ऐकलं असशील. रेडिओवरून त्यांनी हाक दिली आणि मार्कोसविरुद्ध बंड केलेल्या सैनिकांना वाचवायला माणसं रस्त्यावर उतरली, हे खरं. पण विरोधी पक्षाच्या उमेदवारांची जोडी जुळवण्यातही त्यांनी पुढाकार घेतला होता आणि तिथे माझं मन अडखळतं. मार्कोसची हुकूमशाही होती, त्यांच्यापुढे पर्याय थोडे होते, हे मी समजते. तरीही धर्मगुरूने उमेदवार ठरवण्यात हात घातला की मोजणीवरच्या त्याच्या शब्दाचं वजन घटतं. आणखी एक. पैसे मिळाले तर घ्या, मत मात्र सद्सद्विवेकाला स्मरून द्या, असा त्यांचा सल्ला होता. गरिबाची अडचण ओळखूनच ते बोलले असतील. पण पाकीट घेतल्यावर मान खाली घालून केंद्रात शिरणारी माणसं मी पाहिली आहेत. तू पाकीट घेऊ नका असंच सांग.

इतकं लांबही जायला नको. आपल्याच मिझोराममध्ये २००६ मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने मिझोराम पीपल्स फोरम उभा राहिला. पक्षांकडून करार लिहून घ्यायचा, जेवणावळी बंद करायच्या आणि सगळ्या उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलवायचं, असं त्यांचं काम. पाद्री कुणाची बाजू घेत नाहीत म्हणून सगळे ऐकतात.

मी शाळेत शिकवत असताना किती वेळा निवडणुकीच्या ड्युटीवर गेले, तुला माहीत आहे. आदल्या रात्री वर्गातल्या बाकांवर झोपायचं, पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं. संध्याकाळी मशीन बंद केलं की नमुना १७-सी भरून त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात द्यायची. किती मतं पडली, त्याचा हिशेब. कित्येक प्रतिनिधी ती प्रत न घेताच घरी जायचे! नॅमफ्रेलची माणसं अशाच कागदासाठी जिवावर उदार झाली होती.

तुझ्याकडे धर्मग्रामाची मृत्यूंची नोंदवही आहे. कोण गेलं, कोण लग्न होऊन बाहेर गेलं, कोण अठराचं झालं, हे तुझ्याइतकं गावात कुणाला ठाऊक नाही. दोन-चार तरुण घे, मतदार यादी घे आणि वाडीवाडीने वाचा. पण आपल्याच माणसांपुरतं नको. शेजारच्या वाडीतल्या हिंदू-मुसलमान मुलांनाही बरोबर बसव, नाहीतर फादर ख्रिस्ती मतं मोजतात असं होईल. सुरुवात आपल्या घरापासून कर. तुझ्या आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचं नाव अजून यादीत आहे. नाव वगळण्यासाठीचा नमुना ७ मी भरून ठेवलाय. मृत्यूच्या दाखल्याची प्रत तुझ्याकडे आहे, बुधवारी येताना घेऊन ये.

तुझी,
मावशी